नजर आणेवारी आणि मोजमाप
थायरॉइडच्या कर्करोगातील न्यूक्लिअर स्कॅन : केवळ पाहायचे की मोजायचेही?

"डॉक्टरसाहेब, हे तुम्ही मोजून सांगता आहात की नजरेने?"

देवासजवळच्या एका गावातून आलेल्या आजोबांनी मला हा प्रश्न विचारला, त्याला आता दहा-बारा वर्षे होऊन गेली. आजोबा महसूल खात्यातून निवृत्त झालेले. त्यांची उभी हयात पिकांची आणेवारी लिहिण्यात गेली होती. शेताच्या बांधावर उभे राहून पीक सोळा आण्यांपैकी किती आणे आले आहे हे डोळ्यांनी ठरवायचे, ही नजर आणेवारी. शेतात ठरावीक मापाचा चौकोन आखून, तेवढेच पीक कापून, मळून, तोलून जो आकडा निघतो, तो कापणी प्रयोगाचा. या दोहोंतील अंतर आजोबांनी अनेक हंगाम पाहिले होते. "नजर खोटं बोलत नाही," ते म्हणाले, "पण ती शेजारच्या शेताकडे पाहून बोलते. शेजारचं शेत करपलेलं असलं, की आपलं सहा आण्यांचं पीकही बारा आण्यांचं दिसतं."

आमच्या समोर प्रकाशपेटीवर त्यांच्या नातवाच्या दोन स्कॅनच्या फिल्म लावलेल्या होत्या. दोन्हींत फुप्फुसांच्या जागी काळी छाया होती. "गेल्या वर्षीइतकेच आहे, किरणोत्सारी आयोडीनची दुसरी मात्रा द्यावी लागेल," असे अहवालावरून मी त्यांना नुकतेच सांगितले होते. त्यावर आलेला हा प्रश्न. मी बालरोगतज्ज्ञ आहे, न्यूक्लिअर मेडिसिन हा माझा विषय नव्हे. तथापि या एका प्रश्नाने मला जे शिकायला लावले, ते आपल्या संस्थेच्या स्मरणिकेच्या वाचकांसमोर मांडावे असे अनेक दिवस मनात होते.

आधी माझी चूक

आरंभीच एक कबुली देतो. हा नऊ वर्षांचा मुलगा मानेत गाठी आल्या म्हणून प्रथम माझ्याकडेच आला होता. मी गाठी हाताने चाचपल्या. आपल्याकडे मुलाच्या मानेतील चिवट गाठी म्हटल्या की क्षयाचा विचार प्रथम येतो, तसा तो आला; आणि सुईने पेशी काढून तपासण्याआधीच मी क्षयाची औषधे सुरू केली. तीन महिन्यांनी गाठी कमी होईनात, तेव्हा सुईची तपासणी केली. निदान निघाले थायरॉइडच्या, म्हणजे अवटु ग्रंथीच्या, पॅपिलरी कर्करोगाचे. मी नजर आणेवारी केली होती, आणि ती चुकली होती.

सुदैवाने या आजाराचा स्वभाव असा, की मुलांमध्ये तो मोठ्यांपेक्षा अधिक पसरलेला आढळतो, मानेतील लसिकाग्रंथींत आणि पुष्कळदा फुप्फुसांतही. परंतु उपचारांना प्रतिसाद चांगला देतो. मुलाची संपूर्ण थायरॉइड ग्रंथी आणि मानेतील बाधित गाठी शस्त्रक्रियेने काढण्यात आल्या. पुढे एका मोठ्या केंद्रात किरणोत्सारी आयोडीनची मात्रा दिली गेली. सातव्या दिवशी काढलेल्या स्कॅनमध्ये मानेत एक ठळक ठिपका दिसला, तो ग्रंथीच्या उरलेल्या अंशाचा. शिवाय दोन्ही फुप्फुसे सर्वत्र उजळलेली होती. छातीचा साधा एक्स-रे त्या वेळी निर्दोष होता! वर्षभराने अल्प चाचणीमात्रा देऊन दुसरा स्कॅन झाला, आणि आजोबांचा प्रश्न आला तो त्यानंतर.

मोजणी आधी, चित्र नंतर

या उपचाराचा इतिहास पाहू लागलो, तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. या क्षेत्रात मोजणी आधी आली आणि चित्र नंतर.

१२ नोव्हेंबर १९३६ रोजी हार्वर्डच्या वैद्यकीय महाविद्यालयात एमआयटीचे अध्यक्ष कार्ल कॉम्प्टन यांचे व्याख्यान होते. भौतिकशास्त्र हे जीवशास्त्राला आणि वैद्यकाला काय देऊ शकते, असा विषय होता. श्रोत्यांतील डॉ. सॉल हर्ट्झ यांनी विचारले, आयोडीन कृत्रिमरीत्या किरणोत्सारी करता येईल का? थायरॉइड ग्रंथी आयोडीन ओढून घेते, हे वैद्यकाला ठाऊक होते. त्या आयोडीनलाच खुणेचा कंदील बांधता आला तर, अशी ती कल्पना. पुढे हर्ट्झ आणि भौतिकशास्त्रज्ञ आर्थर रॉबर्ट्स यांनी सशांवर प्रयोग केले. १९३८ साली लिव्हिंगूड आणि सीबोर्ग यांनी आयोडीन-१३१ शोधले. १९४१ साली हर्ट्झ यांनी थायरॉइडच्या अतिक्रियेवर किरणोत्सारी आयोडीनचा पहिला उपचार केला.

कर्करोगासंबंधीचा पायाभूत लेख १९४६ सालचा, सायडलिन, मरिनेली आणि ओश्री या तिघांचा. शरीरात पसरलेल्या थायरॉइडच्या कर्करोगपेशी किरणोत्सारी आयोडीन ग्रहण करतात आणि त्यामुळे रुग्णाला उतार पडू शकतो, हे त्यांनी दाखवले. तेव्हा गॅमा कॅमेरा नव्हता. होता तो गायगर काउंटर. रुग्णाच्या शरीरावर तो ठेवायचा, लघवी साठवायची, तिच्यातील किरणोत्सार मोजायचा आणि किती आयोडीन आत राहिले याचा हिशेब मांडायचा. मरिनेली हे भौतिकशास्त्रज्ञ होते, हे येथे लक्षात घ्यावे.

कॅसन यांचे ओळीओळीने स्कॅन करणारे यंत्र १९५१ साली आले. हॅल अँगर यांचा गॅमा कॅमेरा १९५७-५८ च्या सुमारास आला. आपल्या देशात भाभा अणुसंशोधन केंद्राचे रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ साली मुंबईत स्थापन झाले, आणि ट्रॉम्बेच्या अणुभट्ट्यांत तयार झालेले आयोडीन देशभरच्या रुग्णांपर्यंत पोहोचू लागले. कॅमेऱ्याने फार मोठी सोय केली. किंबहुना सोय इतकी झाली, की चित्र हाती आल्यावर वही मागे पडली. प्रौढांना ठरलेल्या १०० किंवा १५० मिलिक्युरी मात्रा देण्याचा प्रघात पडला. तो सुटसुटीत होता आणि पुष्कळांना गुण आला, म्हणून तो टिकला.

ही छायाचित्रे नव्हेत

स्कॅनची फिल्म छायाचित्रासारखी दिसते, पण ते छायाचित्र नव्हे. ती मोजदाद आहे. आयोडीन-१३१ चे अर्धायुष्य सुमारे आठ दिवसांचे. त्यातून दोन प्रकारचे किरण निघतात. बीटा कण ऊतींमध्ये फार तर दोन-तीन मिलिमीटर जातात आणि तेथेच पेशी मारतात, हे औषध. ३६४ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेचे गॅमा किरण शरीराबाहेर पडतात, ही खबर. कॅमेऱ्यापुढे शिशाची जाड, छिद्रांची चाळणी असते. सरळ रेषेत येणारे किरण छिद्रांतून आत येतात आणि स्फटिकावर आदळून क्षणिक चमक निर्माण करतात. हा स्फटिक सोडियम आयोडाइडचा असतो. म्हणजे आयोडीनचा ठाव घेण्यासाठीही आयोडीनच कामी येते! प्रत्येक चमक म्हणजे एक नोंद. अशा लाखो नोंदी ज्या जागी पडल्या तेथे ठिपके मांडले, की चित्र तयार होते.

मग या नोंदींवरून थेट सांगता येईल का, की अमुक गाठीत इतके आयोडीन आहे? नाही. मधे चार-पाच चकवे आहेत.

पहिला चकवा खोलीचा. हे गॅमा किरण सुमारे सहा सेंटीमीटर ऊतींतून जाताना निम्मे होतात. त्वचेलगतच्या गाठीत आणि बारा सेंटीमीटर खोलवरच्या मणक्यात सारखेच आयोडीन असले, तरी मणक्यातून कॅमेऱ्यापर्यंत साधारण चौथा हिस्साच पोहोचतो. स्पेक्ट-सीटी यंत्रात सीटीच्या साहाय्याने प्रत्येक ठिकाणची ही घट हिशेबात धरता येते.

दुसरा चकवा विखुरण्याचा. काही किरण वाटेत आपटून दिशा बदलतात आणि भलत्याच जागचे म्हणून नोंदले जातात. त्यांची ऊर्जा थोडी कमी झालेली असते. म्हणून मुख्य ऊर्जापट्ट्याच्या दोन्ही बाजूंना अरुंद पट्टे घेऊन तेथील नोंदींवरून अशा घुसखोरांचा अंदाज बांधतात आणि तो वजा करतात. आयोडीन-१३१ मधून थोडे अधिक ऊर्जेचे किरणही निघतात. ते शिशाच्या भिंती भेदून आत येतात. मानेत फार आयोडीन असले, की चित्रात सहा टोकांची चांदणी दिसते, ती यामुळे. ती आजाराची खूण नव्हे, चाळणीची आहे.

तिसरा चकवा आकाराचा. या कॅमेऱ्याची नजर सेंटीमीटरच्या बेताची. त्याहून लहान गाठ चित्रात फुगलेली आणि फिकी दिसते, कारण तिच्या नोंदी आजूबाजूला सांडतात. चौथा चकवा गर्दीचा. मोठ्या उपचारमात्रेनंतर लगेच स्कॅन केला, तर चमकांचा इतका वर्षाव होतो की यंत्र सगळ्या मोजूच शकत नाही आणि आकडा कमी येतो.

यांवर उपाय आहेत. पाण्याने भरलेल्या प्रतिकृतीत आधीच मोजलेले आयोडीन ठेवून, त्याचा स्कॅन काढून, या कॅमेऱ्यावर अमुक किरणोत्साराला सेकंदाला किती नोंदी मिळतात हे ठरवून ठेवतात. दुकानदाराने तराजूचे वजन तपासून शिक्का मारून घ्यावा, तसेच हे. असा तराजू तयार असला, घट आणि विखुरण यांची दुरुस्ती केली, म्हणजे मग प्रतिमेतील प्रत्येक बिंदूला 'काळा' किंवा 'फिका' याऐवजी आकडा देता येतो. परिमाणात्मक प्रतिमा-विश्लेषण म्हणतात ते हेच.

शेजारचे शेत

पाचवा चकवा मात्र यंत्राचा नाही, मांडणीचा आहे, आणि आमच्या मुलाच्या बाबतीत नेमका तोच घडला होता.

फिल्म छापताना संगणक बहुधा त्या चित्रातील सर्वांत जास्त नोंदींची जागा पूर्ण काळी धरतो आणि बाकीच्या छटा तिच्या प्रमाणात देतो. पहिल्या स्कॅनमध्ये मानेतील उरलेला अंश सर्वांत प्रखर होता. त्याच्या तुलनेत फुप्फुसे करडी दिसत होती. वर्षभरात तो अंश नाहीसा झाला. दुसऱ्या चित्रात प्रखर असे दुसरे काही उरले नाही, आणि म्हणून फुप्फुसेच सर्वांत काळी ठरली. आजोबांचे वाक्य मला तेव्हा पुरते उमगले. शेजारचे शेत बदलले होते!

एका परिचित वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञांना मी फिल्म दाखवल्या. त्यांनी त्या बाजूला सारल्या आणि विचारले, "मूळ नोंदींची सीडी आहे का? प्रत्येक वेळी मात्रा नेमकी किती दिली, किती वाजता दिली आणि स्कॅन किती वाजता झाला?" मुलाच्या वडिलांनी दोन्ही सीडी पिशवीत जपून ठेवल्या होत्या. वेळा आणि मात्रा केंद्राने तत्परतेने कळवल्या. दोन्ही स्कॅन एकाच कॅमेऱ्यावर झाले होते, ही आणखी एक जमेची बाजू. दिलेल्या मात्रेपैकी किती अंश फुप्फुसांत राहिला, हे किरणोत्साराचा कालपरत्वे होणारा ऱ्हास लक्षात घेऊन काढले, तेव्हा दुसऱ्या वेळचा अंश पहिल्याच्या साधारण एक-पंचमांश निघाला. डोळ्याला 'तेवढेच' दिसत होते. मापाने पाचाचे एक झाले होते.

काळाचे गणित

गाठीला किती मारा बसला, हे एका क्षणी तिथे किती आयोडीन होते यावर ठरत नाही. ते तिथे किती काळ टिकले यावरही ठरते. दोन गाठींनी आरंभी सारखेच आयोडीन घेतले असे समजू. एकीतून एका दिवसात निम्मे नाहीसे होते, दुसरीतून चार दिवसांत. दुसरीला मिळणारा मारा चौपट असतो. म्हणून एका स्कॅनवर भागत नाही. ठरावीक अंतराने दोन-तीन वेळा मोजून आलेख काढावा लागतो. शिवाय तोच किरणोत्सार एक ग्रॅमच्या गाठीत असला आणि चार ग्रॅमच्या गाठीत असला, तर प्रत्येक ग्रॅमच्या वाट्याला येणारा मारा चौपटीने बदलतो. किती, किती काळ आणि किती वजनात, या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाली म्हणजे शोषित मात्रा ग्रे या एककात सांगता येते.

चाचणीसाठी आयोडीन-१२४ हा समस्थानिक वापरून पेट स्कॅन केला, तर हीच मोजणी अधिक अचूक होते. त्याचे अर्धायुष्य सुमारे चार दिवसांचे असल्याने अनेक दिवस मागोवा घेता येतो. २०१३ साली न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन-केटरिंग येथील डॉक्टरांनी, ज्यांच्या गाठी आयोडीन घेईनाशा झाल्या होत्या अशा २० रुग्णांना सेल्युमेटिनिब हे औषध देऊन आयोडीन-१२४ ने आधी व नंतर मोजमाप केले. १२ जणांत ग्रहण वाढले. परंतु ठरवलेली उपयुक्त पातळी गाठली ती ८ जणांनीच, आणि तेवढ्यांनाच उपचारमात्रा दिली गेली. उरलेल्यांना निष्फळ किरणोत्सारातून वाचवले ते आकड्याने.

मूल म्हणजे लहान मापाचा प्रौढ नव्हे

आम्ही बालरोगतज्ज्ञ प्रत्येक औषध किलोच्या हिशेबाने देतो. साधे तापाचे औषध लिहितानाही आधी बाळाला काट्यावर ठेवतो. म्हणून मुलांच्या बाबतीत हा विषय मला विशेष जवळचा वाटला.

२६ एप्रिल १९८६ च्या चेर्नोबिल दुर्घटनेने हे गणित फार क्रूरपणे शिकवले. अणुभट्टीतून बाहेर पडलेले आयोडीन-१३१ गवतावर पडले, गाईंच्या पोटात गेले, दुधात उतरले आणि मुलांनी ते दूध प्यायले. मुलाची थायरॉइड ग्रंथी प्रौढाच्या ग्रंथीपेक्षा कितीतरी लहान. तेवढेच आयोडीन तेवढ्याशा ग्रंथीत गेले, की प्रत्येक ग्रॅमला बसणारा मारा कितीतरी मोठा. संयुक्त राष्ट्रांच्या किरणोत्सर्गविषयक वैज्ञानिक समितीच्या २००८ च्या अहवालानुसार, बेलारूस, युक्रेन आणि रशियाच्या बाधित भागांत, अपघाताच्या वेळी बालक वा किशोर असलेल्यांत २००५ सालापर्यंत थायरॉइड कर्करोगाचे ६,००० हून अधिक रुग्ण आढळले. त्यांपैकी १५ दगावले.

यांपैकी बेलारूसमधील अतिजोखमीच्या अनेक मुलांवर जर्मनीत किरणोत्सारी आयोडीनचेच उपचार झाले. ज्याने आजार दिला, त्यानेच तो बरा करायचा! २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालात अशा २२९ रुग्णांपैकी सुमारे ६४ टक्के पूर्ण रोगमुक्त आणि आणखी ३० टक्के जवळजवळ रोगमुक्त झाल्याची नोंद आहे. मात्र फुप्फुसांत प्रसार असलेल्या थोड्या मुलांत पुढे फुप्फुसे निबर झाल्याचेही दिसून आले. अधिक मात्रेची किंमत असते ती अशी.

ही किंमत टाळण्यासाठी १९६२ साली बेनुआ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मर्यादा सुचवल्या होत्या. रक्ताला २ ग्रेपेक्षा अधिक मारा बसू नये. ४८ तासांनंतर शरीरात १२० मिलिक्युरीपेक्षा अधिक आयोडीन राहू नये. आणि फुप्फुसांत सर्वत्र प्रसार असेल, तर ८० मिलिक्युरीपेक्षा अधिक राहू नये. हे आकडे प्रौढांच्या अनुभवावरून आलेले आहेत. नऊ वर्षांच्या मुलाच्या फुप्फुसांचे वजन प्रौढाच्या निम्म्याहूनही कमी. तीच ८० मिलिक्युरी त्याच्या फुप्फुसांना किती भारी पडेल, हे सांगायला वेगळ्या सूत्राची गरज नाही. म्हणूनच फुप्फुसांत पसरलेला आजार असलेल्या मुलाला पुन्हा मात्रा देताना प्रत्यक्ष मोजमाप असावे, हा आग्रह चैनीचा नाही, सुरक्षिततेचा आहे. युरोपीय संघाच्या २०१३ च्या निर्देशानेही उपचारासाठीचा किरणोत्सार प्रत्येक रुग्णागणिक नियोजित असावा, असे म्हटले आहे, आणि त्यात न्यूक्लिअर मेडिसिनचाही समावेश आहे.

आकड्याचीही परीक्षा

आता दुसरी बाजू. एक-पंचमांश हा आकडा हाती आल्यावर मी हरखून गेलो होतो. त्या भौतिकशास्त्रज्ञांनीच मला जमिनीवर आणले. ते म्हणाले, "फुप्फुसांतलं आयोडीन कमी झालं, याचे दोन अर्थ होतात. कर्करोगपेशी मेल्या, किंवा जिवंत राहून आयोडीन घ्यायला विसरल्या. कॅमेरा या दोहोंत फरक करू शकत नाही." तिसरीही शक्यता होती. स्कॅनपूर्वी पोटात इतर आयोडीन गेले असले, तर ग्रहण खोटेच कमी दिसते.

म्हणून आम्ही आणखी तीन गोष्टी तपासल्या. आईला विचारले. तिने पथ्य काटेकोर पाळले होते. आयोडीनयुक्त मीठ बंद, अंडी बंद, आणि घरच्या म्हशीचे दूधसुद्धा बंद. माळव्यातल्या मुलाला दूध-दह्यावाचून ठेवायचे म्हणजे काय, ते तिलाच माहीत! आयोडीनयुक्त काँट्रास्ट देऊन काढलेला सीटी त्या वर्षात झालेला नव्हता. थायरोग्लोब्युलिनचे तीन अहवाल क्रमाने उतरते होते. काँट्रास्टविना काढलेल्या सीटीत फुप्फुसांतील बारीक ठिपके विरळ झाले होते. सर्व पुरावे एकाच दिशेला बोट दाखवत होते. मुलांमध्ये एका मात्रेचा परिणाम वर्ष-दीड वर्ष, कधी त्याहून अधिक काळ चालू राहतो, हेही आता मान्य झालेले आहे. केंद्रातील डॉक्टरांनी सर्व कागद पुन्हा पाहिले, मोकळेपणाने निर्णय बदलला आणि दुसरी मात्रा थांबवली.

मोजमापाचा पुरस्कार करताना अतिशयोक्तीही करू नये. २०१७ साली न्यूयॉर्क आणि पॅरिस परिसरातील दोन नामांकित केंद्रांच्या रुग्णांची तुलना प्रसिद्ध झाली. एका केंद्रात रक्त व संपूर्ण शरीर यांच्या मोजमापावरून मात्रा ठरत असे, दुसऱ्यात ठरावीक मात्रा दिली जात असे. वय व प्रसार यांचा विचार करता जगण्याच्या प्रमाणात फरक आढळला नाही. अर्थात तेथे मोजले गेले ते रक्त आणि शरीर, प्रत्येक गाठ नव्हे. दुसरीकडे, अल्प जोखमीच्या प्रौढ रुग्णांत कमी मात्राही पुरते, हे २०१२ साली ब्रिटन आणि फ्रान्समधील दोन अभ्यासांनी दाखवले. ग्रंथीचा उरलेला अंश नाहीसा करायला ३० मिलिक्युरी १०० मिलिक्युरीइतकेच पुरेसे ठरले. २०२२ साली फ्रान्समधूनच आलेल्या अभ्यासात, अशा रुग्णांना शस्त्रक्रियेनंतर आयोडीन दिलेच नाही, तरी तीन वर्षांनंतरचा निकाल उणा नव्हता. म्हणजे कोणाला मोजायचे याआधी कोणाला द्यायचे, हा प्रश्न येतो. आणि तो रुग्णाकडे पाहूनच सोडवायचा असतो.

आपल्या हाती काय आहे?

आपल्यापैकी बहुतेक जण न्यूक्लिअर मेडिसिनचे तज्ज्ञ नाहीत. तरीही आपल्या हाती पुष्कळ आहे. मुलाच्या मानेतील टिकून राहिलेल्या गाठीत औषधापूर्वी सुई घालावी. हा धडा मी स्वतः महाग किमतीला घेतला आहे. स्कॅनसाठी रुग्ण पाठवताना गेल्या काही महिन्यांत काँट्रास्ट दिले होते का, आयोडीन असलेली औषधे चालू आहेत का, हे चिठ्ठीत लिहावे. नातेवाइकांना सांगावे, की फिल्मबरोबर मूळ नोंदींची सीडी मागून घ्या आणि जपा. मात्रा किती, किती वाजता, स्कॅन किती वाजता, हे अहवालावर असल्याची खात्री करावी. पाठपुराव्याचे स्कॅन शक्यतो त्याच केंद्रात, त्याच कॅमेऱ्यावर करावेत. आणि मुलाला पुन्हा मात्रा द्यायची असे ठरत असेल, तेव्हा नम्रपणे विचारावे : हे मोजले आहे का? हा प्रश्न विचारल्याने कोणत्याही चांगल्या डॉक्टरचा अपमान होत नाही. माझा झाला नाही.

तो मुलगा आज विशीत आहे. रोज सकाळी थायरॉक्सिनची गोळी घेतो, वर्षातून एकदा रक्त तपासून घेतो, आणि पुण्याला नोकरी करतो. त्याच्या फुप्फुसांची क्षमता उत्तम आहे. दुसरी मात्रा आजवर द्यावी लागलेली नाही. आजोबा आता नाहीत. जाण्याआधीच्या वर्षी ते नातवाला घेऊन आले होते. त्याची प्रकृती पाहून मी सहज म्हणालो, "आजोबा, नातू आता अगदी सोळा आणे!"

आजोबांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले आणि विचारले, "वजन केलंत का?"

मी मुलाला मुकाट्याने काट्यावर उभे केले.